अवतरणचिन्हांत एक वाक्य

ज्या वाक्याला सगळे हसले होते त्याचं उत्तर पडद्यावर उमटलं, तेव्हा वहीबाला स्वतःचं हसू आवरतं घ्यायचंही भान राहिलं नाही. ओठ तसेच फाकलेले राहिले. ओरानच्या त्या विमा कचेरीच्या वरच्या मजल्यावर पडदे ओढून घेतले होते, तरी समुद्राकडचं ऊन फटींतून टेबलांवर सांडत होतं. अल्जीयर्सहून आलेली लिंडा नावाची पोरगेलीशी बाई दाव्यांच्या विभागाला इंटरनेटवर नीट शोधायचं कसं ते शिकवत होती. खोटे दावे पकडायला बरं पडेल, असं साहेबांचं म्हणणं. "तुम्ही सगळे शोधयंत्राशी गप्पा मारता," लिंडा म्हणाली होती. "त्याला गप्पा कळत नाहीत. जे नेमकं हवं ते दोन अवतरणचिन्हांत कोंडा, म्हणजे ते शब्द त्याच क्रमानं जिथे असतील तेवढंच समोर येईल. जे नको, त्याच्याआधी उणे लावा. एकाच संकेतस्थळात शोधायचं असेल तर त्याचं नाव सांगा. आणि काळ ठरवून द्या, नाहीतर ते आपलं कालचंच पुढे करत बसतं." मग तिनं खेळ काढला. तुमच्या घराबाहेर कुणीच बोलत नसेल असं एक वाक्य लिहा, बघू जगात दुसरीकडे सापडतं का. हुवारीनं सासूची एक शिवी लिहिली. निकाल शून्य. "म्हणजे एवढ्या मोठ्या दुनियेत भोगणारा मी एकटाच," तो म्हणाला. वहीबाची पाळी आली तेव्हा तिनं फारसा विचार केला नाही, बोटांनीच लिहिलं: गाढवाला विचारलं, समुद्र केवढा? ते म्हणालं, खारट. लोक हसले. तिनं कळ दाबली. निकाल एक.

"कुणाचं वाक्य हे, मॅडम?" लिंडानं विचारलं. "बाबांचं," वहीबा म्हणाली. "मग झालं तर. बाबांनीच कुठेतरी लिहिलं असणार," लिंडा म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे वळली. हुवारीनं मान खाली घातली. बाकीच्यांनी आपापल्या पडद्यांत डोळे खुपसले. लिंडाला माहीत नव्हतं, पण ओरानमध्ये वाढलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नसे: नव्वदच्या दशकात, सरकार आणि बंडखोरांच्या मारामाऱ्यांच्या त्या वर्षांत, वहीबाचा बाप लखदर, फ्रिज दुरुस्त करणारा, एका सकाळी दुकानाचं शटर वर करत असताना नंबरपाटी नसलेल्या गाडीत घातला गेला होता. गाडी कुणाची, सरकारी माणसांची की डोंगरातल्या टोळीची, ते शेजारच्या नानवाल्यालाही सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं. तेव्हापासून आईनं, झुलीखानं, दर बुधवारी फोटो छातीशी धरून न्यायालयाच्या पायऱ्यांपाशी उभं राहायचं व्रत धरलं होतं. मृत्यूचा दाखला घेऊन जा, असं तिला कितीदा सुचवलं गेलं. "आधी माणूस दाखवा, मग दाखला," एवढंच ती म्हणायची. आणि तो माणूस आता पडद्यावर, निळ्या अधोरेखित ओळीत, गाढवासकट बसला होता.

तिनं तिथे ती ओळ उघडली नाही. डोकं दुखतंय सांगून ती स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि मनगटावर पाणी घेत राहिली. बाबा हे वाक्य कधी म्हणायचे ते आठवत होती. विचारलं एक आणि उत्तर आलं भलतंच, की म्हणायचे. गिऱ्हाईकाला विचारलं, फ्रिज कधीपासून बंद आहे, आणि ते म्हणालं, माझ्या मेव्हण्यानं आणून दिलाय, की बाबा वहीबाकडे बघून डोळा मारायचे आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे, गाढवाला विचारलं. ते त्यांनी स्वतः रचलं होतं. आई म्हणायची, असली म्हण कुणाच्या तोंडी नाही, लोक हसतील. बाबा म्हणायचे, हसायलाच रचलीय. एक वाक्य; दोन माणसांना एकाच वेळी सुचूही शकतं. वहीबा आरशात बघून स्वतःला हे समजावत होती आणि आरशातली बाई ऐकून घेत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली करंतिका, हरभऱ्याच्या पिठाच्या भाजलेल्या वड्या, खायला गेले तेव्हा तिनं ती ओळ उघडली. इंटरनेटवरची दुरुस्तीवाल्यांची चावडी होती ती. देशभरातले मेकॅनिक तिथे एकमेकांना अडलेलं विचारत. कुणीतरी विचारलं होतं, जुना फ्रिज चालू आहे पण थंड करत नाही, काय बघू. 'बर्फवाला' असं टोपणनाव घेतलेल्या एकानं उत्तर दिलं होतं: हात लावायच्या आधी कान लाव. कंप्रेसर खोटं बोलत नाही. आणि खाली ते वाक्य. तारीख चारपाच वर्षांपूर्वीची. हात लावायच्या आधी कान लाव. हेही बाबांचंच. ती सातवीत असताना ते तिला दुकानात नेऊन दुरुस्तीला आलेल्या फ्रिजच्या पाठीला कान लावायला लावत. पत्रा गार असे, आणि आत कुणीतरी झोपेत घोरल्यासारखा आवाज. चारपाच वर्षांपूर्वी! म्हणजे आई पायऱ्यांपाशी उभी असताना, तिचे गुडघे सुजत असताना, हा माणूस कुठेतरी चहाचा पेला बाजूला ठेवून लोकांना फ्रिज शिकवत होता.

त्या दिवसापासून वहीबा घरात चोरासारखी वावरू लागली. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर, आई लवंडली की ती स्वयंपाकघरात संगणक उघडून बसे. लिंडानं शिकवलेली एकेक क्लृप्ती ती अशी वापरत होती की जणू कुलपाला चाव्या लावून बघावं. आधी तिनं चावडीचं नाव देऊन फक्त तिथेच शोधलं. अरबी अक्षरांत ते वाक्य एकदाच होतं. मग तिला सुचलं की मोबाइलवर आपण सगळे लॅटिन अक्षरांतच लिहितो. घशातला स्वर दाखवायला तीनचा आकडा, कंठातल्या ह साठी सात. तिनं वाक्य तसं लिहून पाहिलं. एक स्वर इकडचा तिकडे केला, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला पडदा भरून गेला. पानामागून पान. टोपणनावाखाली आपलं गाव सैदा असं लिहिणाऱ्या त्या बर्फवाल्यानं वर्षानुवर्षं दिलेलं जवळजवळ प्रत्येक उत्तर, आणि प्रत्येकाच्या शेवटी, सही करावी तसं, गाढव आणि खारट समुद्र. सैदा. बसनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. चंद्रावर नाही, फ्रान्सात नाही. सैदा.

"काय बघतेस गं एवढं?" आईनं दारातून विचारलं. वहीबानं झाकण आपटलं. "कचेरीचं काम, यम्मा."

"कचेरी आता स्वयंपाकघरात आली? उद्या साहेबांना पण बसव इथे, कांदे सोलतील." झुलीखानं पाण्याचा तांब्या भरला आणि लेकीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुझा रंग उडालाय. कुणी बोललं का काही?"

"नाही."

"मग खा काहीतरी."

त्या उत्तरांत यंत्रांबद्दलच सगळं होतं. वहीबाला माणूस हवा होता. लिंडाचं उणे आठवलं. तिनं टोपणनाव लिहिलं आणि उणे कंप्रेसर, उणे गॅस, उणे थर्मोस्टॅट, उणे नळी असं एकेक काढून टाकत गेली. सोलता सोलता शेवटी जे उरलं ते मूठभरच होतं. ईदच्या शुभेच्छा. कुणाच्या तरी आईच्या निधनाबद्दल दोन शब्द. आणि एक ओळ: आज दुकान बंद, लेकीचा शाळेचा पहिला दिवस. वहीबा ती ओळ वाचत बसली. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला हवा होता, ती उठली नाही. लेकीचा शाळेचा पहिला दिवस. म्हणजे लेक आहे. म्हणजे लेकीची आई आहे. वहीबाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी दुकान बंद नव्हतं. बाबा तिला फाटकाशी सोडून पाना पुसत पुसत गेले होते. कुणीही त्यांना नेलं नाही. गाडी त्यांनीच बोलावली असेल. तिला आश्चर्य वाटलं ते याचं की ही कल्पना परकी वाटेना. कुठेतरी आत तिच्यासाठी जागा झाडून ठेवलेली होती. अठरा-एकोणीसच्या वयात, इतर मुलींचे बाप त्यांना ओरडताना बघून, तिनं कितीदा इच्छा केली होती की बाबा कुठेही असोत, कुणाबरोबरही असोत, पण असोत. आता ते होते, आणि त्यांना बोलायची वाक्यं ती भांडी घासताना मनात घोटत होती. एकेक वाक्य धार लावून. तुमच्या बायकोचे गुडघे बघायला या. तिच्या फोटोतला माणूस बघायला या, तो तुमच्यापेक्षा बरा आहे.

बुधवार आला. आईला एकटं पाठवायचं धाडस होईना म्हणून वहीबा सुट्टी काढून बरोबर गेली. पायऱ्यांपाशी नेहमीच्याच बायका. पूर्वी रांग कोपऱ्यापर्यंत जायची, आता बाकावर मावत होत्या. खाला बदरा, जिचे दोन मुलगे गेले होते, तिनं झुलीखाला सावलीत जागा दिली. "ये, नवरी. तुझा अजून किती देखणा दिसतो बघ. माझी पोरं फोटोत पण डोळे मिटून."

"फोटो काढणाऱ्याला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं. मेला म्हणाला, दुसरा काढू की, घाई काय आहे." बदरा हसली आणि पदरानं तोंड पुसलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस, हातात पावाची पिशवी, न थांबता म्हणाला, "अजून उभ्याच का तुम्ही?" झुलीखानं फोटो जरा वर धरला, एवढंच. वहीबा आईच्या मागे उभी होती. आईच्या मानेवरचे विस्कटलेले पांढरे केस, फोटोच्या चौकटीवर घट्ट धरलेली बोटं तिला दिसत होती. तिला वाटलं, मी आत्ता एक वाक्य बोलले तर ही चौकट खाली पडेल आणि या बायका हिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. हरवलेल्याची बायको म्हणून नाही, टाकलेली म्हणून. आपल्या तोंडात काहीतरी जिवंत धरून ठेवल्यासारखे तिनं दात आवळले. घरी येताना ट्राममध्ये आई म्हणाली, "आज तू माझ्याकडे अशी का बघत होतीस, जशी दवाखान्यात बघतात?"

लिंडानं सांगितलेली एकच चावी उरली होती, काळाची. वहीबाला ती लावायची नव्हती. जेवढं कळलं तेवढं पुरे होतं, रागाला तेवढं पुरतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं काळ ठरवून दिला: चावडी सुरू झाली त्या पहिल्या वर्षापुरतंच दाखव. एकच नोंद आली. नव्यानं आलेल्या सभासदांनी आपली ओळख करून द्यायची असते, तिथली. स्पेलिंगच्या चुका करत, भीत भीत लिहिलेली.

मी सैद्याचा. मी शाळा सोडली, धंदा कुठल्या संस्थेत शिकलो नाही. ज्यांनी शिकवला त्यांच्याकडे तेव्हा पाना नव्हता, फ्रिजही नव्हता. पाव पाण्यात कालवून त्याचा कंप्रेसर करायचे, चटईची काडी म्हणजे नळी. मी रडायला लागलो की म्हणायचे, सांग, गॅस आता कुठे पोचला? चुकलास तर हा पाव तुला मिळणार नाही, असंही म्हणायचे. चुकलो तरी द्यायचेच. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांचं एक वाक्य मी प्रत्येक ठिकाणी लिहिणार आहे. त्यांच्या घरचं कुणी वाचलं तर ओळखेल.

वहीबानं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला त्याचा अर्थच लागला नाही. रागाच्या वाटेनं एवढं पुढे गेल्यावर मागे फिरायला वेळ लागतो. मग लागला: ही शिकवणी कोठडीतली होती, आणि लिहिणारा बाबा नव्हते, त्यांचा शागीर्द होता. आईची खोली बंद होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला, पण रडू आलं नाही. आली ती शरम, आणि शरमेच्या खाली, लाज वाटावी अशी, एक निराशा. सैद्याच्या दुकानात ज्याला शिव्या द्यायच्या होत्या तो म्हातारा पुसला गेला होता. दोन आठवडे तो जिवंत होता. तिनं त्याला इतका सविस्तर जिवंत केला होता, पोट सुटलेला, चष्मा लागलेला, दुसऱ्या बायकोच्या हातचं जेवणारा. आणि आता पुन्हा चटईच्या काडीजवळ बसलेला तोच जुना माणूस, फोटोतला.

सैद्याला ती एकटीच गेली. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, दारातच तीन फ्रिज पाठ फिरवून उभे. मिलूद नावाचा तो माणूस चाळिशी ओलांडलेला, बोटांना काळं, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. तिनं नाव सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "गाढवाला विचारलं, समुद्र केवढा." त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. बराच वेळ ती नीट ठेवली गेली आहे की नाही तेच बघत राहिला. मग म्हणाला, "बसा. स्टूल पुसतो."

"त्यांचं नाव लखदर," वहीबा म्हणाली.

"लखदर." त्यानं ते नाव चव घेतल्यासारखं उच्चारलं. "एकमेकांना नावं सांगायची नाहीत, हा त्यांचाच नियम. म्हणायचे, नाव कळलं तर मार देऊन ते काढून घेतील, मग दोघांनाही त्रास. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. मी तेव्हा विशीतही नव्हतो. कुणाच्या तरी ऐवजी धरलं होतं मला, बहुतेक भावाच्या."

"कुणी धरलं होतं?"

"तोंडं बांधलेली असायची त्यांची. मी तेव्हा ओळखलं नाही. आणि बहिणी, ओळखलं असतं तर आज इथे स्टूल पुसायला नसतो."

फ्रिजांपैकी एक चालू झाला, थरथरला, बंद पडला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. वहीबा जे विचारायला आली होती ते तिला विचारावं लागलं नाही. मिलूदनंच सांगितलं. खोली जमिनीखाली होती, ओल खूप. उस्तादांना आधीपासून दमा होता का, त्यानं विचारलं; वहीबानं मान डोलावली. होता. तर तो वाढला. हिवाळ्यात एका पहाटे श्वास लागला. त्यानं पाठीशी बसून त्यांना टेकवून धरलं, दारावर लाथा मारल्या, कुणी आलं नाही. "शहादा, मरताना म्हणायचा कलमा, मी त्यांच्या कानात म्हटली. त्यांनी मागून म्हटली, पूर्ण. डोळे मी मिटले. मला नंतर सोडलं. त्यांना कुठे पुरलं ते माहीत नाही, खोटं कशाला सांगू."

"काही बोलले का? आमच्याबद्दल?"

मिलूदनं मान हलवली. "रोज बोलायचे. शेवटी नाही. शेवटी श्वासातच सगळा जीव होता." मग, जणू ते पुरेसं नाही असं वाटून, "तुमच्या आईंना कोथिंबिरीचा वास सोसत नाही ना? मला सगळं माहीत आहे. शिक्षकाच्या घरचं माहीत असावं तसं."

परतीच्या बसमध्ये वहीबा खिडकीला डोकं टेकून बसली होती. सांगावं की नाही असा प्रश्न पडेल असं तिला वाटलं होतं, पडला नाही. प्रश्न फक्त कसं हा होता. घरी आई डाळ निवडत होती. वहीबा समोर बसली आणि तिनं सरळ सांगितलं, मधलं काही न गाळता, स्वतःचे ते दोन आठवडे सोडून. पाव, काडी, पहाट, शहादा. झुलीखाचे हात चालूच राहिले. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला. मग थांबले.

"एकटे नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"त्याच्या मांडीवर?"

"पाठीशी टेकून. झोपलं तर श्वास लागायचा म्हणून."

"हो. असेच बसायचे ते, थंडीत." खडे मुठीत गोळा करत ती म्हणाली, "बदराला कसं सांगू गं? तिला वाटेल, मी रांग सोडली." आणि उठून, गुडघ्यांवर हात ठेवत, ती कपाटापाशी गेली, पांढरं कापड शोधू लागली. संध्याकाळी मोहल्ल्याच्या मशिदीतले इमाम आले. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की विधवेनं बसायची मुदत मृत्यूपासून मोजतात, ती कधीच उलटून गेली, तुमच्यावर आता काही बंधन नाही. झुलीखानं ऐकून घेतलं. "ते तुम्ही धर्माचं सांगितलंत, सिदी शेख," ती म्हणाली. "मी बसते ते माझं आहे."

शुक्रवारी दार उघडं ठेवलं. माणसं येतील की नाही याची वहीबाला धास्ती होती. इतक्या जुन्या मरणाला कोण येणार. पण जिन्यात पावलं वाजू लागली ती थांबेनात. शेजारणींनी कुसकुसच्या परातींवर पराती आणल्या. कचेरीतून हुवारी आला, आपल्या सासूला घेऊन, आणि ती बाई आत येऊन इतकी मोकळी रडली की वहीबाला तिच्या शिव्या माफ कराव्याशा वाटल्या. खाला बदरा दुपारी आली. ती आणि झुलीखा एकमेकींना धरून बसल्या. जाताना बदरानं विचारलं, "बुधवारी मी एकटीच उभी राहू का?" झुलीखा म्हणाली, "चार महिने दहा दिवस मी घराबाहेर पडणार नाही. मग येते. फोटो नसला म्हणून काय झालं, तुझा एक मी धरीन."

पुरुषांची बैठक बाहेरच्या खोलीत होती. घरात मुलगा नव्हता. दारात उभं राहून लोकांचे हात हातात घ्यायला कुणी नव्हतं. एक म्हातारे चुलते होते, ते बसल्या बसल्या पेंगत होते. सकाळच्या बसनं आलेला मिलूद आधी कोपऱ्यात बसला होता, मग कुणी न सांगता उठून दारापाशी गेला आणि उजवा हात छातीवर ठेवून उभा राहिला. येणारे त्याला मिठी मारत, अल्ला त्यांच्यावर रहम करो म्हणत, आणि तो मान झुकवत होता. पडद्याआड चहाचे पेले भरत असताना वहीबाला त्याची पाठ दिसत होती, नवा इस्त्रीचा सदरा, मानेवर न निघालेला काळा डाग. नानवाला आला, तोच, दुकानाशेजारचा, आता काठी टेकत चालणारा. त्यानं मिलूदला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू कोण रे त्यांचा? मी सगळ्या घराला ओळखतो. तुला बघितलं नाही कधी."

"मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो, चाचा."

"लखदरच्या? कधी? त्याच्याकडे कुणी पोऱ्या नव्हता. दुकानात शिकलास?"

वहीबाच्या हातातली चहाची धार पेल्याबाहेर गेली. बाहेर मिलूदनं म्हाताऱ्याचा काठीवरचा हात दोन्ही हातांत घेतला.

"हो," तो म्हणाला. "दुकानातच."